पाणंद

पूर्वी आमच्याकडं माणूस अत्यवस्थ झाला, की बाजंला दोर बांधून चौघंजण खांद्यावर घ्यायचे, डांबरी येईपर्यंत. त्या वेळेपुरती भाऊबंदकीही बाजूला राहायची. म्हातारी माणसं हे फार कौतुकानं सांगतात. वाटेतच किती गेले ते सांगत नाहीत. २०१४ साली १०८ सुरू झाली. सुरुवातीच्या वर्षांत राज्यात ९३७ गाड्या होत्या. आत डॉक्टर, अन् पैसा एक नाही. गरिबाला याचं मोल विचारा.

पण फोन लावला म्हणजे शेजाऱ्याचं काम संपलं का? मला नाही वाटत. रात्री सगळ्या वस्त्या सारख्याच दिसतात. फाट्यावर बॅटरी घेऊन कुणीतरी उभं राहायला पाहिजे. वाटेत आडवा लावलेला ट्रॅक्टर काढायला पाहिजे. अन् ज्यानं दरसाल एकेक तास आत घालत पाणंद नांगरून खाल्ली, तोच त्या रात्री "गाडी उशिरा आली" म्हणून सरकारला शिव्या घालतो! या पाणंदीतनं दोन बैलगाड्या शेजारून जायच्या. आता एकच गाडी येते, तीही आरसे मिटून.