पडद्यावरचा ख्रिस्त कुणाचा?

भाविकाला चित्र दाखवून शिकवता येतं, हे कॅथलिक चर्चला सिनेमाच्या खूप आधी कळलं होतं. किर्शर या जेझुइट पाद्र्याच्या ग्रंथाच्या १६७१ च्या आवृत्तीत जादूच्या कंदिलाचं चित्र आहे. भिंतीवरच्या उजेडात ज्वाळांनी वेढलेला माणूस उभा आहे. पुढे पॅरिसच्या ‘बोन प्रेस’ या कॅथलिक प्रकाशनसंस्थेने काचेवरची चित्रं पाद्र्यांपर्यंत पोचवली आणि १९०३ मध्ये त्यासाठी ‘ल फासिनातर’ नावाचं मासिकच काढलं. शिकवणारी करमणूक कशी करावी, हा त्याचा विषय.

या सगळ्यात मला ओळखीचा वाटतो तो कंदिलाशेजारी उभा राहून बोलणारा माणूस. आपल्याकडे कल्याणच्या पटवर्धनांची शांबरिक खरोलिका अशीच चाले: पडद्यावर पुराणातले प्रसंग, बाजूला निवेदन. कीर्तनकारही आख्यान ऐन रंगात आलेलं असताना थांबतो, श्रोत्यांकडे बघतो आणि त्यांना मूळ अभंगाकडे परत आणतो. अर्थाचा कासरा त्याच्या हातात असतो. सिनेमाने तो सोडवला. चित्र आपलं आपण चालू लागलं.

डिसेंबर १९१२ मध्ये रोमने चर्चच्या आत चित्रपट दाखवायला बंदी केली, मग विषय कितीही पवित्र असो. त्या बंदीला मागासलेपणा म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. जिथे माणूस गुडघे टेकतो तिथे त्याने प्रेक्षक होऊन बसू नये, ही काळजी खरी आहे. हल्ली आमच्याकडे सप्ताहात मोठे एलईडी पडदे लागतात. कीर्तनकार समोर उभे असताना माणसं मान वळवून पडद्याकडे बघतात, तेव्हा मला रोमचं म्हणणं पटतं. बंदी आली तरी पाद्र्यांनी सिनेमा सोडला नाहीच. तो चर्चला जोडलेल्या सभागृहांत गेला. १९३६ मध्ये तर अकराव्या पायस पोपनी चित्रपटांविषयी अमेरिकेतल्या बिशपांना लांबलचक पत्र लिहिलं.

कासरा सुटल्यावर काय होतं, ते फाळक्यांच्या बाबतीत दिसलं. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ बघताना आपल्या डोळ्यांपुढे कृष्ण आणि राम, गोकुळ आणि अयोध्या उभी राहिली, असं त्यांनी स्वतःच ‘नवयुग’मध्ये लिहिलं. ख्रिस्ताचा चित्रपट बघून ते ख्रिस्ताकडे गेले नाहीत. ते १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आणि १९१८ मध्ये ‘श्रीकृष्णजन्म’ घेऊन आले. धर्मशिक्षणाच्या हिशेबाने तो धडा वाया गेला म्हणायचा का?

मला नाही वाटत, आणि त्याचं कारण माझी आजी.

देगलूरकडच्या आमच्या गावात मी शाळेत असताना तेलुगू ‘करुणामयुडू’ दाखवला होता. १९७८ चा हा येशूपट. त्याच्या पटकथेला एका फ्रान्सिस्कन पाद्र्याचा हात लागलेला. मारुतीच्या पाराजवळ पडदा बांधला होता. सीमेवरचं गाव, त्यामुळे तेलुगू निम्मी-अर्धी सगळ्यांनाच कळे. आजी माळकरी, आषाढीची वारी न चुकवणारी. क्रूस खांद्यावर घेऊन तो पडला, उठला, पुन्हा पडला, तेव्हा तिने हात जोडले आणि “पांडुरंगा” म्हणाली. घरी येताना तिने एवढंच विचारलं, “त्येच्या मायला कोनी धरलं का गं?”

पुष्कळ वर्षांनी लातूरला मी हे आमच्या शाळेतल्या एका कॅथलिक बाईंना सांगितलं. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात आम्ही क्रूसाच्या वाटेची प्रार्थना करतो, तिच्या चौदा स्थानांपैकी चौथं स्थान आई भेटते ते. तुमच्या आजी बरोब्बर तिथे जाऊन उभ्या राहिल्या. पण लगेच त्यांनी हेही सांगितलं, की पांडुरंग म्हणणं त्यांना मान्य नाही. येशू हा एका काळात, एका ठिकाणी, पिलाताच्या हुकमावरून क्रूसावर चढवलेला माणूस आहे. त्याच्या जागी कुणालाही ठेवता येत नाही.

त्यांचा हा आक्षेप मी हलका मानत नाही. श्रद्धेला नाव-गाव लागतंच. आम्हालाही विठोबा पंढरपूरचाच लागतो. तरी ज्याला त्या आईची आठवण झाली, त्याने चित्र चुकीचं वाचलं असं मी म्हणू शकत नाही. नाव कळूनही जखम न दिसणारे खूप असतात. ‘करुणामयुडू’त येशू झालेले विजयचंदर पुढे शिर्डीच्या साईबाबांच्या भूमिकेत आले आणि त्या रूपातही लोकांनी त्यांना मनापासून स्वीकारलं. लोक गोंधळले नव्हते. कोणाच्या पाया पडतोय, ते त्यांना नीट ठाऊक होतं. दोन्हीकडे त्यांनी ओळखली ती करुणा. पवित्र चित्र ज्याने काढलं त्याच्याच ताब्यात राहावं, ही अपेक्षा मला म्हणूनच चुकीची वाटते. बाईंशी माझा हा वाद अजून मिटलेला नाही. त्या म्हणतात आधी ओळख, मग करुणा. मी म्हणते, आजीला ओळख सांगायला कुणी आलंच असतं, तर ते त्या प्रश्नानंतरच आलेलं बरं.