एक-तीन-चार-दोन

1990 साली लंडनच्या हायकोर्टात एका मोटारीच्या ओळखीचा खटला चालला. मोटार बेंटलीची, नाव ‘ओल्ड नंबर वन’. 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षं ल मानची चोवीस तासांची शर्यत तिने जिंकली होती. तिचा सौदा एक कोटी पौंडांच्या घरात ठरला आणि मग घेणारा अडून बसला: ही ती गाडी नव्हेच. त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. शर्यतींनंतर गाडीची चॅसिस बदलली होती, इंजिन बदललं होतं, 1932 मध्ये ब्रुकलँड्सला झालेल्या जीवघेण्या अपघातानंतर तर तिला निराळाच साज चढवला गेला होता. 1929 सालचे म्हणावेत असे सुटे भाग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. न्यायमूर्ती ऑटन यांनी तरीही निकाल दिला की ही अस्सल ‘ओल्ड नंबर वन’च. तिचं अस्तित्व मध्येच कुठे तुटलं नाही आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नाही, हे त्यांच्या निकालाचं सार.

कोट्यवधींच्या गाडीसाठी वकील उभे राहतात. जुन्या प्रीमियर पद्मिनीचं बॉनेट उघडून प्लग आणि वायरी बदलल्या, तर ती गाडी तीच राहिली का, असं कोणी विचारत नाही. विचारलं तर मिस्त्री वेड्यात काढेल. प्रश्न मात्र तोच आहे, फक्त आकाराने लहान.

प्लग हा मुळात झिजायलाच जन्माला आलेला भाग. कॉइल बॅटरीच्या बारा व्होल्टचे पंधरा-वीस हजार करते, डिस्ट्रिब्युटरचा रोटर तो करंट पाळीपाळीने चार वायरींत सोडतो आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लगला मिनिटाला दीड हजार वेळा पेटावं लागतं. दर ठिणगीबरोबर इलेक्ट्रोडचा अदृश्य कण उडतो. मिलिमीटरच्या सहा-सात दशांशांची फट हळूहळू रुंदावते, ती ओलांडायला जास्त विद्युतदाब लागतो, आणि मग वायरीचं म्हातारं रबर तो दाब पेलू शकत नाही. पावसाळ्यात सकाळी गाडी मिसिंग मारते ती यामुळे. काळोखात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं, तर फुटक्या वायरीवर निळसर ठिणग्या नाचताना दिसतात.

वस्तूच्या ओळखीच्या या प्रश्नावर भारतात फार आधी वाद झाला आहे आणि योगायोगाने तोही एका वाहनावरूनच. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात यवन, म्हणजे ग्रीक, राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला भेटतो. नागसेन म्हणतो, नागसेन हे फक्त नाव आहे, त्यामागे कोणी व्यक्ती सापडत नाही. राजाला हे पटत नाही. तेव्हा नागसेन त्याच्या रथाकडे वळतो. दांडी म्हणजे रथ का? आस? चाकं? सगळी मिळून? की यांच्याहून वेगळं काही? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो की या सगळ्यांच्या आधाराने ‘रथ’ हा शब्द व्यवहारात चालतो, इतकंच. या हिशेबाने प्लग बदलल्यावर गाडी तीच का, हा प्रश्नच मोडीत निघतो. तीच राहायला आधी कोणी होतं कुठे?

न्याय आणि वैशेषिक या दर्शनांच्या पंडितांना हे मुळीच पटणारं नव्हतं. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे अख्खी वस्तू, ही अवयवांहून वेगळी आणि खरीखुरी असते. वस्त्र म्हणजे नुसता धाग्यांचा ढीग नव्हे. पण या भूमिकेची किंमत मोठी आहे. एक अवयव निघाला की जुना अवयवी नष्ट होतो आणि उरलेल्यांपासून नवा तयार होतो. म्हणजे पाना फिरवून प्लग काढला की एक पद्मिनी संपली, नवा बसवला की दुसरी जन्मली, आणि मालकाला पत्ताही नाही! हे हास्यास्पद वाटतं, पण ही माणसं तर्काच्या शेवटापर्यंत जाणारी होती. आव्यात भाजताना काळं मडकं लाल होतं ते कसं, यावरही त्यांच्यात दोन तट पडले. वैशेषिक म्हणत, उष्णतेने मडक्याचे परमाणू सुटे होतात, रंग बदलून पुन्हा जुळतात, तेव्हा बाहेर येतं ते नवं मडकं. नैयायिक म्हणत, मडकं आहे तसंच राहतं, रंग तेवढा बदलतो. गॅरेजवाल्यांचं मत घेतलं तर नैयायिकांना बहुमत मिळेल.

मात्र वैशेषिकांच्याच मांडणीत एक गोष्ट आहे जी वायरींना नेमकी लागू पडते. वस्त्राचं एक कारण धागे, आणि दुसरं कारण त्या धाग्यांचा संयोग. माल आणि जोडणी वेगवेगळी मोजायची. पद्मिनीचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2. चारही वायरी कारखान्यातून आलेल्या, अस्सल, एकही भाग न बदललेला, फक्त तीन आणि चार नंबरच्या वायरींची अदलाबदल करा: इंजिन धडपडेल, कार्बोरेटरमधून फटाके वाजतील, गाडी चालणार नाही. उलट चारही प्लग, चारही वायरी, कॅप, रोटर, सगळं नवं कोरं घाला, पण क्रम सांभाळा: गाडी पहिल्यासारखी चालते. सातव्या शतकातल्या बौद्ध आचार्य चंद्रकीर्तीने रथाची सात अंगांनी झडती घेतली आणि रचना म्हणजेही रथ नव्हे, असं दाखवलं. अंतिम सत्याच्या पातळीवर त्याचा तर्क तोडणं अवघड आहे. पण व्यवहारात रथ चालतो हे तोही नाकारत नाही, आणि व्यवहारात गाडीला गाडीपण देतो तो क्रमच.

हे मान्य केलं की प्लग निवडण्याचा प्रश्नही सोपा होतो. आज बाजारात इरिडियमचे प्लग मिळतात. हा धातू वितळायला सुमारे 2,450 अंश सेल्सिअस लागतात, त्यामुळे टोक बारीक ठेवता येतं आणि ते फार टिकतं. पण पॉइंट आणि कार्बोरेटरच्या जुन्या इंजिनात काजळी आणि ऑइल प्लगला आधीच गाठतात. तिथे साधा निकेलच्या टोकाचा, तांब्याच्या गाभ्याचा प्लगच शहाणपणाचा. खरी काळजी घ्यायची ती हीट रेंजची, म्हणजे प्लग किती उष्णता धरून ठेवतो याची. फार गरम प्लग घातला तर पेट्रोलचं मिश्रण ठिणगीआधीच पेट घेतं, फार थंड घातला तर प्लग काळा पडून बंद होतो. काढलेल्या प्लगचं टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओलं काळं म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्हमधून ऑइल, पांढरं फटक म्हणजे इंजिन तापतंय. ‘ओरिजिनल’च्या हट्टापायी कुठल्यातरी धुळकट खोक्यातले चाळीस वर्षांपूर्वीचे प्लग आणि कडक झालेल्या वायरी शोधून लावणारे हौशी लोक गाडीची नव्हे, मालाची पूजा करतात.

कायदा कधी मालाकडे बघतो, कधी नुसत्या वयाकडे. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. वाहन पन्नास वर्षांहून जुनं हवं, मूळ रूपात हवं, चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. प्लग-वायरींची कोणी दखलही घेत नाही. मुंबईच्या टॅक्सींना मात्र वीस वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि ऑक्टोबर 2023 संपता संपता तिचा परवाना संपला. मधल्या काळात तिच्यात काय काय नवं घातलं होतं, हे मर्यादेच्या हिशेबात येत नाही. सीएनजीवर धावणाऱ्या टॅक्सीत तर प्लगचा गॅपही कमी ठेवावा लागतो, कारण त्या गॅसमध्ये ठिणगी पाडायला जास्त दाब लागतो. इंधन दुसरं, गॅप दुसरा, पण रस्त्यावर तिला सगळे पद्मिनीच म्हणत.

ज्यांच्या दारात अशी जुनी गाडी अजून उभी आहे त्यांनी इंजिन थंड झाल्यावरच हात घालावा. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये गरम असताना प्लग फिरवला तर आटे जातात. नवा प्लग आधी हाताने बसवावा, वॉशर टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा पुरतो. आणि वायरी चारही एकदम उपसू नयेत. एक काढावी, तिच्याच लांबीची नवी त्याच जागी लावावी, मगच पुढच्या वायरीला हात लावावा.