एक्क्याण्णव मतं

माँट्रियलच्या जुन्या वस्त्यांत घरांचे जिने बाहेरच्या अंगाला असतात. लोखंडी, गोल वळत वर जाणारे. मार्चमध्ये त्यांच्या पायऱ्यांवर बर्फ धरलेला असतो. २६ मार्च २००७ला कॅनडातल्या क्युबेक प्रांताची निवडणूक झाली. गरिबांसाठी आयुष्य घालवलेली माणसं असे जिने चढून मतं मागत होती आणि त्यांना ऐकावं लागत होतं ते हेच : माणसं चांगली, पण तुम्हाला मत म्हणजे मत फुकट.

फ्राँस्वाज दाविद त्यांतल्याच. १९९५ साली त्यांच्या पुढाकाराने आठशेहून अधिक स्त्रिया दहा दिवस चालत प्रांताच्या राजधानीत गेल्या. भाकरी आणि गुलाब हे त्या मोर्चाचं नाव. किमान वेतन ४५ सेंटांनी वाढलं. पाच वर्षांनी त्याहून मोठा मोर्चा निघाला, तेव्हा हाती पडले १० सेंट. २००२मध्ये दारिद्र्यविरोधी कायदा एकमताने संमत झाला. अशा एकमताची मला धास्ती वाटते. ज्या कायद्याला कुणीच विरोध करत नाही, तो बहुधा कुणाच्याच तिजोरीला हात लावत नाही.

२००६मध्ये दाविद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘केबेक सॉलिदेर’ हा पक्ष उभा केला. पुढच्याच वर्षी त्याला चार टक्क्यांहून कमी मतं पडली. १२५पैकी एकही जागा नाही.

अशा छोट्या पक्षावर होणारा ‘तुम्ही मतं फोडता’ हा आरोप मला पटत नाही. मत ही कुठल्या मोठ्या पक्षाची ठेव नव्हे. चळवळ पक्षाच्या दावणीला बांधली जाईल, ही भीती मात्र खरी आहे. मेधा पाटकर २०१४ला ईशान्य मुंबईतून लोकसभेला उभ्या राहिल्या आणि हरल्या, तेव्हा आपल्याकडेही हेच बोललं गेलं. तरीही मी उमेदवारीच्या बाजूने आहे. निवेदन देणारा अर्जदार असतो. मंत्री वेळ देईल तेव्हा जायचं, तो म्हणेल तेव्हा उठायचं. गरिबांना आपण कायम याच रांगेत उभं केलं. उमेदवार मात्र त्याच मंत्र्यासमोर बरोबरीने उभा राहून हिशेब मागतो. हरला तरी मागतो.

शिवाय क्युबेकमध्ये पक्षांना सरकारी निधी मिळतो तो मतांच्या प्रमाणात. कंपन्यांना आणि कामगार संघटनांना देणगी द्यायला १९७७पासून बंदी आहे. त्यामुळे हरलेल्या मतांवरही छोट्या पक्षाचं कार्यालय चालतं.

स्त्रियांमध्ये काम करणाऱ्या, याच पक्षाच्या कार्यकर्त्या मानाँ मासे माँट्रियलच्या एकाच मतदारसंघात २००६ची पोटनिवडणूक, मग २००७, २००८ आणि २०१२ अशा चार वेळा हरल्या. २०१४ला जिंकल्या, ९१ मतांनी. दाविद त्याआधी २०१२मध्येच निवडून आल्या होत्या. चार पराभवांत ज्यांनी ‘फुकट’ मतं दिली, त्यांच्यावाचून ही ९१ मतं कुठून आली असती?

पण एक गोष्ट मला सलते. २०२२मध्ये पक्षाचे ११ उमेदवार निवडून आले, सगळे माँट्रियल, क्युबेक शहर आणि शेरब्रुक इथले. १९९५च्या मोर्चाची एक तुकडी निघाली होती ती रिव्हिएर-द्यु-लू या लहानशा गावातून. त्या गावाच्या मतदारसंघात तोवर या पक्षाला एकदाही जिंकता आलं नव्हतं.