समोरासमोर

भजनाला बसलेली माणसं ऐकणाऱ्यांकडे पाहत नाहीत. ती एकमेकांकडे पाहतात.

आमच्या परंडा तालुक्यात डोमगावला सीनेकाठी कल्याणस्वामींची समाधी आहे. तिथे बसा, नाहीतर कुठल्याही गावच्या मारुतीपुढे बसा, बैठक तीच. दोन रांगा समोरासमोर. एका टोकाला पेटी, शेजारी पखवाज. ऐकायला आलेला माणूस कडेला, भिंतीला टेकून. त्याच्यासाठी कुणी तोंड फिरवत नाही. पेटीवाला नुसत्या भुवया उचलतो, पखवाजवाला लय वाढवतो. समोरच्याचा टाळ मागे रेंगाळला की याचा आपोआप जरा ठासून पडतो. दोरीचा वळ बोटावर केव्हा उमटला, ते घरी गेल्यावर कळतं.

परवा मोबाइलवर हीच बैठक पाहिली. गाणं मात्र आपलं नव्हतं. एका मोठ्या शहरातल्या पबचा कोपरा, आणि टेबलाभोवती सात-आठ आयरिश वादक. दोन-तीन व्हायोलिनं, एक बासरी, एक पत्र्याची शिट्टी. एकाच्या हातात बोरान, म्हणजे आपल्या डफासारखंच कातडं मढवलेलं कडं. स्टेज नाही, माइक नाही. निम्म्या लोकांची पाठ गिऱ्हाइकांकडे. एक चाल साधारण तीनदा वाजते. मग कुणीतरी मान वर करून बाकीच्यांकडे पाहतो, आणि सगळे न थांबता दुसऱ्या चालीवर जातात. नवा वादक आला तर त्याला खुर्ची मिळते. तो आधी ऐकत बसतो. येणारी चाल लागली की हळूच वाद्य उचलतो.

ही माणसं शहरात कशी पोचली, ते आपल्याकडे फार समजावून सांगावं लागू नये. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याचं पीक वर्षामागून वर्ष सडत गेलं. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, जवळपास तितकीच देश सोडून गेली. बहात्तरच्या दुष्काळाचं नाव काढलं की आमच्याकडची म्हातारी माणसं अजून मध्येच गप्प होतात. पोटासाठी गाव सोडताना माणूस भांडीकुंडी मोजून नेतो. चाल मोजावी लागत नाही, ती तशीच येते.

शिकागोत फ्रान्सिस ओनील नावाचे पोलीसप्रमुख होऊन गेले. जन्म १८४८चा, आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातल्या एका खेड्यातला. लहान वयात घर सोडलं, जहाजावर काम केलं, शेवटी शिकागोच्या पोलिसात शिरले आणि १९०१ साली खात्याचे प्रमुख झाले. स्वतः बासरी वाजवत, पण त्यांना स्वरलिपी लिहिता येत नव्हती. म्हणून खात्यातल्याच जेम्स ओनील यांना शेजारी बसवून, गावाकडच्या माणसांना आठवत होत्या तेवढ्या चाली उतरवून घेतल्या. १९०३ साली पुस्तक निघालं, त्यात १८५० चाली. आयर्लंडातल्या वादकांनीही पुढे त्याच पुस्तकावरून चाली बसवल्या. गावाचं गाणं गावाला शहराकडून परत मिळालं. पोलिसाच्या हातून मिळालं, याची मला आणखीच गंमत वाटते.

पबमधली ती गोल बैठक तरी जुनी असेल असं वाटतं. तशी ती नाही. आयर्लंडात वाजवणं घरात चाले, चुलीपाशी, नाहीतर चौरस्त्यावर. पबमधल्या बैठकीनं मूळ धरलं ते दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लंडनमध्ये, असं जाणकार सांगतात. बांधकामावर राबणारे आयरिश मजूर भाड्याच्या खोल्यांत राहत. खोलीत चार माणसं मावत नसत, तर व्हायोलिन कुठे मावणार? ते पबच्या कोपऱ्यात आले. जागा अपुरी पडली आणि माणसं समोरासमोर आली.

मुंबईची लोकल अशीच. आमच्या गल्लीतला एक जण कल्याणला राहतो. त्याच्या ठरलेल्या गाडीच्या ठरलेल्या डब्यात भजनी मंडळ आहे. टाळ जेवणाच्या डब्याच्या पिशवीतच असतात. ढोलकी मांडीवर, आणि ज्याच्याकडे काही नाही तो डब्याच्या पत्र्यावर ठेका धरतो. बाकडी मुळातच समोरासमोर, त्यामुळे रांगा लावाव्या लागत नाहीत. दसऱ्याला डब्याला झेंडूची तोरणं लागतात, पेढे वाटले जातात. एक कोकणातला, एक साताऱ्याचा, एक आमच्याकडचा. गावी असते तर यांची एकमेकांशी कधी गाठही पडली नसती.

शहरात दुसऱ्या तऱ्हेनंही गायलं गेलं. बार्शी आमच्या शेजारची, बाजारहाटाची. तिथे १९१६ साली जन्मलेले शाहीर अमर शेख मुंबईत हजारो गिरणी कामगारांपुढे उभे राहून गायले. तिथे तोंड लोकांकडेच हवं. सगळ्यांना उठवायचं असेल तर सगळ्यांकडे पाहावंच लागतं. डब्यातल्या भजनाला कुणाला उठवायचं नसतं. बसलेल्या माणसाला एकटं वाटू नये, एवढंच त्याला पुरतं.

परंड्याच्या किल्ल्यावरची मुलूखमैदान तोफ १६३२ साली विजापूरला गेली. आज ती पाहायला लोक विजापूरला जातात. तोफ नेली की इथली जागा रिकामी होते. चाल नेली तर ती इथेही राहते आणि तिथेही. मात्र इथे ती राहण्यासाठी कुणीतरी बसायला हवं. हल्ली भजनाला टाळ पुरून उरतात.

लोकलमधल्या भजनाबद्दल तक्रारी असतात, आणि त्या खोट्या नाहीत. रात्रपाळी करून आलेल्याला डोळा लावायचा असतो, कुणाचं डोकं ठणकत असतं, कुणाला नुसती शांतता हवी असते. त्यांचाही डबा तोच आहे. मंडळांनी आवाज आवरता घ्यावा, जागा अडवू नये, दारात गर्दी करू नये. एवढं केलं तर टाळ मात्र कुणी बंद पाडू नयेत.