दान तर तोही करतो! (गीता, अध्याय १६, श्लोक १३ ते १५)



सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे गुण आपण सावकाश वाचले. आता आसुरी संपत्ती चालू आहे आणि खरं सांगायचं तर हा भाग आपण सगळेच जरा भराभर वाचतो. असुर म्हणजे दुसरं कुणीतरी, असंच आपल्याला वाटत असतं.

पण तेराव्या श्लोकापासून भगवान त्या माणसाच्या मनात चाललेलं बोलणंच आपल्याला ऐकवतात. आज काय कमावलं, उद्या काय कमवायचं, कोणता शत्रू संपवला, अजून कोण उरलाय, माझ्या बरोबरीचा आहेच कोण! इथपर्यंत ठीक आहे, असुर ओळखू येतो. पण पंधराव्या श्लोकात हाच माणूस यज्ञ करायचं आणि दान द्यायचंही ठरवतो. म्हणजे देवाधर्माचं करणारा, दानधर्म करणारा माणूससुद्धा या यादीत बसू शकतो. आपण भक्त म्हणवणाऱ्यांनी इथे थांबायलाच हवं.

आपल्यातले बरेच जण लहान गावातून, तंगीतून शहरात आलेले आहेत. कुणाच्या डोक्यात स्टार्टअप आहे, कुणाला कंपनीत वर जायचंय. एक प्रश्न मला नेहमी ऐकू येतो : "शून्यातून वर यायचं तर थोडी तडजोड करावीच लागते ना? नीतिमत्ता ज्यांच्या घरी आधीच पैसा आहे त्यांना परवडते." हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. उपाशी माणसाला नीतीचं प्रवचन देणं सोपं असतं. आणि पैसा वाईट असं आपली परंपरा सांगतही नाही. तुकोबांचं घराणं दुकानदारी-महाजनकी करणारं होतं. त्यांचा आग्रह चांगल्या व्यवहारावर होता.

म्हणून आज एक खरं उदाहरण घेऊ. चेन्नईच्या सरवणा भवन हॉटेलांचे संस्थापक पी. राजगोपाल.

१९४७ साली तमिळनाडूतल्या एका छोट्या खेड्यात, कांदे विकणाऱ्याच्या घरी जन्म. शाळा लवकर सुटली. हॉटेलात टेबलं पुसली, चहा करायला शिकले, पुढे चेन्नईच्या के. के. नगरात किराणा दुकान टाकलं. ज्योतिषाने सांगितलं, अग्नीशी संबंधित धंदा कर. मग १९८१ मध्ये हॉटेल सुरू केलं आणि नाव ठेवलं ते मुरुगनच्या, म्हणजे आपल्या कार्तिकेयाच्या नावावरून.

आता तडजोडीचा मुद्दा. सुरुवातीला हॉटेल तोट्यात होतं. माल हलका वापरा, पगार कमी द्या, असा सल्ला मिळाला. राजगोपालनी तो मानला नाही. तेल चांगलं, भाजी ताजी आणि नोकरांना इतरांपेक्षा जास्त पगार. पुढे राहायची सोय, औषधपाणी, मुलांच्या शिक्षणाला मदत. नोकर त्यांना 'अण्णाची' म्हणत, म्हणजे थोरला भाऊ. लंडन, न्यूयॉर्क, दुबईपर्यंत शाखा गेल्या. स्वतःच्या गावी त्यांनी मोठं मंदिर बांधलं.

म्हणजे भेसळ केल्याशिवाय धंदा होत नाही, हे म्हणणं याच माणसाने खोटं ठरवलं. गरिबीतून वर येताना जी तडजोड 'करावीच लागते' म्हणतात, ती त्यांनी गल्ल्यावर केली नाही आणि तरी ते यशस्वी झाले.

मग चुकलं कुठे?

त्यांची दोन लग्नं झालेली होती. नव्वदच्या दशकात त्यांच्याच हॉटेलातल्या एका कर्मचाऱ्याच्या तरुण मुलीशी तिसरं लग्न करायचं त्यांच्या मनात आलं. त्यामागेही ज्योतिषाचा सल्ला होता, असं तेव्हा सर्वत्र छापून आलं. मुलीने नकार दिला आणि आपल्या पसंतीच्या मुलाशी लग्न केलं. धमक्या आल्या, तिने पोलिसांत तक्रार केली. ऑक्टोबर २००१ मध्ये तिच्या नवऱ्याचं अपहरण झालं आणि त्याचा मृतदेह कोडाईकनालच्या जंगलात सापडला. २००४ मध्ये सत्र न्यायालयाने राजगोपालना दहा वर्षांची शिक्षा दिली, २००९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती जन्मठेप केली आणि मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. जुलैमध्ये ते अँब्युलन्समधून शरण आले आणि त्याच महिन्यात १८ तारखेला वारले.

या गोष्टीकडे सोळाव्या अध्यायातून पाहिलं तर मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली : यश मिळालं की आपण त्याला देवाची सही समजतो. एकदा ज्योतिषाचं ऐकलं आणि भरभराट झाली. मग मनात येईल ती इच्छा म्हणजे दैवी योजनाच, आणि आड येणारा माणूस म्हणजे अडथळा. अध्यायाच्या शेवटी भगवान सांगतात की काय करावं आणि काय करू नये हे ठरवायला शास्त्र प्रमाण धरा, स्वतःची कामना नाही. आपली इच्छा दुसऱ्याच्या तोंडून, धार्मिक भाषेत ऐकू आली म्हणून ती शास्त्र होत नाही. पूजेला बसल्यावर आपल्याला हवं तेच उत्तर दर वेळी मिळत असेल, तर आपण देवाचं ऐकतोय की स्वतःचं, हे तपासून बघावं.

दुसरी : चांगुलपणाचा हिशेब मांडता येत नाही. हजारो घरांना पोसलं हे खरं, मुलं शिकली हेही खरं. ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण केलेलं दान बँक बॅलन्ससारखं नसतं, की त्यातून एखादं पाप वळतं करून घ्यावं. ज्या दानाच्या बदल्यात मनात 'आता यांच्यावर माझा हक्क आहे' असं येतं, ते दान नसून खरेदी असते.

तिसरी गोष्ट आपल्याला सगळ्यात जवळची आहे. हे काम राजगोपालनी एकट्याने केलं नाही. त्यांच्यासाठी काम करणारी माणसंही दोषी ठरली. अण्णाचींनी घर चालवलंय, त्यांना नाही कसं म्हणायचं? युद्धाच्या पहिल्या दिवशी युधिष्ठिर आशीर्वाद मागायला येतो, तेव्हा साक्षात भीष्मसुद्धा कौरवांच्या अर्थाने बांधलो गेलोय अशी कबुली देतात. आपल्यातला प्रत्येक जण काही उद्योगपती होणार नाही. पण अण्णाचींच्या पगारावरचा मॅनेजर आपण नक्की होऊ शकतो. ईएमआय चालू आहे, बॉस भला माणूस आहे, अडचणीत त्याने मदत केलीय, आणि एक दिवस तो म्हणतो, ग्राहकाला दाखवायचा आकडा जरा बदल. तेव्हा कृतज्ञता आणि मिंधेपणा यातला फरक कळायला हवा. कृतज्ञ माणूस उपकाराची आठवण ठेवून नाही म्हणू शकतो, मिंध्या माणसाला ते जमत नाही.

आणि आता त्या मुलीकडे पाहा. तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तीही साध्या घरातली होती. वडील त्याच हॉटेलात नोकरीला, समोर शहरातला मोठा माणूस. तडजोडीला लागणारी सगळी कारणं तिच्याजवळ होती. तरी ती नाही म्हणाली. नवरा गेल्यावरही अठरा वर्षं खटला चालला आणि ती आपल्या शब्दावर राहिली. 'गरिबाला नीती परवडत नाही' या वाक्याला तिने दिलेल्या उत्तरापुढे माझं सगळं चिंतन अपुरं आहे. दैवी संपत्तीच्या यादीत भगवंतांनी पहिला शब्द 'अभय' घातला, तो का, हे मला तिच्याकडे पाहून समजतं.

मोठं व्हायची इच्छा जरूर ठेवा. धंदा करा, कमवा, चार घरं चालवा. फक्त वर जाताना दोन गोष्टी पाहत राहा. मला 'नाही' म्हणणारं माणूस माझ्याजवळ अजून उरलंय का? आणि ज्याचं मी मीठ खातो, त्याला नाही म्हणायची ताकद माझ्यात आहे का?

आजची साधना : रात्री नामस्मरणाला बसण्याआधी पाच मिनिटं शांत बसा आणि तुमच्या उपकाराखाली असलेल्या एका माणसाचं नाव आठवा. त्याच्याकडून तुम्ही मनातल्या मनात काय वसूल करताय, ते प्रामाणिकपणे पाहा. जे दिसेल ते देवासमोर ठेवा आणि सोडून द्या.

उद्या श्लोक सोळावा.

रामकृष्ण हरी!