निवृत्ती म्हणजे रिकामपण नव्हे

'निवृत्ती' हा शब्द वारकऱ्याच्या कानाला परका नाही. ज्ञानोबांच्या थोरल्या बंधूंचे आणि सद्गुरूंचे ते नाव. ते उच्चारले की आपले हात आपोआप जोडले जातात. पण हाच शब्द आज कचेरीच्या कागदावरही येतो. केंद्र सरकारच्या नोकरीत १९९८ पासून तो ६० व्या वर्षी येतो, इतरत्र थोडे मागेपुढे. हार होतो, नारळ होतो, शाल होते, चार माणसे चांगले बोलतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मनुष्य स्नान करून, गंध लावून ओसरीवर बसतो, आणि मग त्याच्या ध्यानात येते की आता जायचे कुठेच नाही. वर्तमानपत्र वाचून झाले, चहा दोनदा झाला, आणि घड्याळात अजून नऊच वाजले आहेत!

येथून पुढचा काळ कसा काढावा, असे पुष्कळ जण विचारतात. 'काढावा' हा शब्दच आम्हाला खटकतो. काटा काढावा, कर्ज काढावे. आयुष्य काय काढायची वस्तू आहे? नरदेह दुर्लभ म्हणून आपण कीर्तनात माना डोलावतो, आणि त्याच नरदेहाची पंधरा-वीस वर्षे हातपाय धड असताना ओसरीवर सांडू देतो. हे बरे नव्हे.

थोडा विचार करा. निवृत्तिनाथांनी ज्ञानदेवांना काय दिले? उपदेश दिला, अनुग्रह दिला, आणि त्याबरोबर एक कामही दिले. गीतेचा अर्थ लोकांना कळेल अशा भाषेत सांग, ही त्यांचीच आज्ञा. त्या आज्ञेतून शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तेव्हा आमच्या संप्रदायातली निवृत्ती हातातले काम काढून घेणारी नाही. स्वार्थाचे काम सुटावे आणि प्रेमाचे काम हाती यावे, ती निवृत्ती.

यावर कोणी म्हणेल, "महाराज, ते थोरांचे झाले. गोरोबा मडकी घडवीत, सावतोबा अरणला मळा शिंपीत, नरहरी सोनार दागिने करीत. पण तो त्यांच्या पोटाचा धंदा. आमचा धंदा तर सुटला. आता या वयात पेटी शिकायची, चित्रे काढायची, बाग लावायची, हे पोरखेळ कशाला? जपमाळ घ्यावी आणि स्वस्थ बसावे."

शंका रास्त आहे. तिला उत्तर चाकणच्या संताजी जगनाड्यांकडे मिळते. संताजींचा धंदा तेलाचा. घाणा हे त्यांचे पोट. तुकोबांचे अभंग उतरून घेणे हे काही त्यांच्या पोटाचे काम नव्हते. त्यासाठी कोणी पगार देत नव्हते की मानपत्र देत नव्हते. जीवाला आवड लागली म्हणून हातात लेखणी आली. त्या आवडीच्या लेखणीचे आज आपल्यावर केवढे उपकार आहेत! धंद्यापलीकडे हाताला लागलेली गोडी देवाच्या कामी कशी येते, याचा याहून मोठा दाखला शोधायला नको.

राहिली जपमाळेची गोष्ट. नामासारखे साधन नाही, यात वादच नाही. पण रिकाम्या माणसाचे मन माळेवर किती वेळ टिकते, हे ज्याचे त्याने पाहावे. माळ बोटात फिरते आणि मन सुनेच्या स्वयंपाकघरात फिरते. भाजीत मीठ किती पडले, मुलगा किती वाजता आला, शेजाऱ्याने भिंत किती पुढे घेतली! हाताला काम असले म्हणजे मन जागेवर बसते, आणि जागेवर बसलेल्या मनातच नाम मुरते. जनाबाई दळण दळताना नाम घेत, ते उगीच नव्हे. जात्याच्या फेऱ्याला लय असते, तशी विणण्याला, लिहिण्याला, कुदळीलाही असते. त्या लयीत नाम आपसूक बसते.

आता छंद कोणता चांगला आणि कोणता नव्हे, याच्या तीन खुणा सांगतो.

पहिली खूण ही की, चांगला छंद माणसाला नम्र करतो. समजा, एखाद्या निवृत्त साहेबांना पखवाज शिकायचा आहे. गावातला सोळा वर्षांचा मुलगा तो उत्तम वाजवतो. त्याच्यापुढे मांडी घालून बसावे लागेल. धुमेला कणीक किती लावावी, गठ्ठ्यावर हातोडी कशी ठोकावी, स्वर चढला की उतरला हे कानाने कसे ओळखावे, हे त्या पोराकडून ऐकावे लागेल. हात चुकला तर तो हसेलही. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाला हे जड जाते. पण वारीत आपण काय करतो? लहान-थोर न पाहता एकमेकांच्या पाया पडतो. मग शिकताना लाज कसली? त्या पोराच्या पायी वाकलात की नोकरीतला उरलेला ताठा गळून पडला म्हणून समजा.

दुसरी खूण ही की, चांगला छंद घराला जड होत नाही. पेन्शनीत बसेल तेवढाच खर्च, आणि घरच्यांच्या झोपेची वेळ सोडून वाजवणे. नाहीतर यांचा छंद आणि घरच्यांना उपद्रव! येथे आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. पुरुष नोकरीतून निवृत्त झाला, त्याच्या घरातल्या माउलीला निवृत्ती केव्हा? तिला ना हार, ना नारळ, ना पेन्शन. चाळीस वर्षे पहाटे उठून तिने डबा दिला. तिलाही कधी गाता येत होते, गोधडीवर नक्षी टाकता येत होती, रांगोळीत तिचा हात धरणारे कोणी नव्हते. ते सगळे चुलीमागे राहिले. तेव्हा घरी बसलेल्या यजमानाने पहिला छंद हा धरावा की, रोज एक वेळचा चहा आपण करावा, भाजी आपण निवडावी आणि तो तासभर तिला द्यावा. तिच्या गळ्यातली राहिलेली गौळण त्या तासात बाहेर येऊ दे. हे ज्याला जमले नाही, त्याच्या वीणेला सूर लागेल असे आम्हाला वाटत नाही.

तिसरी खूण ही की, केलेले देऊन टाकता येते. फळ धरून ठेवले की छंदाचा लोभ होतो. मग माझी बाग, माझे चित्र, माझे नाव. कचेरी सुटली तरी खुर्ची सुटली नाही. म्हणून करावे आणि वाटावे. तुळशीचेच घ्या. तुळशीचे बी फार बारीक असते. ते खोल पुरू नये, भुसभुशीत मातीवर पसरावे, वर चिमूटभर माती भुरभुरावी, पाणी शिंपडूनच द्यावे. आठ-पंधरा दिवसांत कोंब दिसू लागतात. उन्हाळ्यात पन्नास रोपे केली तर आषाढीला निघणाऱ्या आयाबायांच्या डोईवरच्या वृंदावनात ती जातील. तुमचे गुडघे दुखत असतील, पंढरीपर्यंत चालवत नसेल; पण तुमच्या हातची तुळस चालत जाईल. ही वारी काय थोडी?

कोणाला लिहिण्याची आवड असेल तर ज्ञानेश्वरी स्वहस्ते उतरून काढावी. अध्याय अठरा, ओव्या सुमारे ९,०००. रोज दहा ओव्या लिहिल्या तर ९०० दिवस, म्हणजे अडीच वर्षे. अक्षर वळते, अर्थ कळतो, आणि नातवंडांना आजोबांच्या हातची पोथी राहते.

"अडीच वर्षे? इतके आम्ही राहू की नाही कोणास ठाऊक!" असे कोणी म्हणेल. खरी भीती हीच आहे. बाकीच्या सबबी वरवरच्या. आत हे दुखणे असते की आरंभ केला आणि पुरे झाले नाही तर? येथे नाथमहाराजांकडे पाहावे. ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करण्याचे काम त्यांनी शके १५०६ मध्ये पुरे केले. एकनाथी भागवत काशीला त्याआधीच पुरे झाले होते. एवढी कीर्ती झाल्यावर कोणीही स्वस्थ बसला असता. पण उतारवयात त्यांनी भावार्थ रामायणासारखा प्रचंड ग्रंथ हाती घेतला, आणि तो युद्धकांडात असतानाच देह ठेवला. पुढचे त्यांच्या गावबा नावाच्या शिष्याने पुरे केले. आज आपण तो ग्रंथ वाचतो तेव्हा अपुरा राहिला म्हणून हळहळतो का? ज्याचे काम आहे तो पुरे करणाराही पाठवतो. आरंभ आपल्या हाती, शेवट त्याच्या हाती. इतका विश्वास नसेल तर आपण विठोबाचे म्हणवून तरी कशाला घ्यावे?

तेव्हा फार मोठा संकल्प नको. आपल्याकडे चातुर्मासाचा नेम आहेच. आषाढी एकादशीला जसे कांदा-लसूण सोडतो, तसे यंदा एक काही धरावे. कार्तिकीपर्यंत रोज एक घटका. वीणा धरा, टाळाचे पाऊल शिका, वाकळ शिवा, मातीचे बैल करा, गावच्या जुन्या दिंडीच्या आठवणी वहीत उतरा. कार्तिकीला जे झाले असेल, वेडेवाकडे का असेना, ते देवापुढे ठेवा. लेकराने रेघोट्या ओढलेली पाटी आई कौतुकानेच पाहते. आपली माउली त्याहून कठोर खास नाही.

नोकरीने हात सोडले ते रिकामे ठेवण्यासाठी नव्हे. विटेवरचा देव कटीवर कर ठेवून उभा आहे, तो आपल्या हातांकडे पाहतो आहे. त्यांतून काहीतरी गोड घडो, घडताना मुखी नाम असो, आणि घडलेले चार जणांच्या उपयोगी पडो, एवढीच त्याच्या चरणी प्रार्थना.

पुंडलीक वरदा हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम!