सान निकांद्रोचे यहुदी : दृष्टांत आणि धर्मशास्त्र

इटलीच्या दक्षिण भागातील पुलिया प्रांतात, गार्गानो या डोंगराळ मुलखात, सान निकांद्रो नावाचे एक छोटे गाव आहे. केवळ ग्रंथ वाचून एखाद्या धर्मात शिरता येते, की त्या धर्माच्या समाजाने आत घेतल्याखेरीज तो प्रवेश घडतच नाही, हा प्रश्न विसाव्या शतकात या गावातील काही गरीब कुटुंबांनी प्रत्यक्ष जगून पाहिला. त्यांचा अग्रणी दोनातो मांदुत्सिओ (जन्म 1885) पहिल्या महायुद्धातून पायांनी अधू होऊन परतला होता आणि लिहिणे-वाचणेही तो सैन्यात गेल्यावरच शिकला होता. कॅथलिक गावात बायबल सहसा पाद्रीच्या तोंडूनच ऐकले जाई. मांदुत्सिओच्या हाती मात्र प्रॉटेस्टंटांकडून त्याची प्रत आली, आणि जुना करार वाचता वाचता मोशेला मिळालेला नियम कधी रद्द झालाच नाही, म्हणून शब्बाथ, म्हणजे सातव्या दिवसाची पवित्र विश्रांती, शनिवारीच पाळली पाहिजे, असे त्याचे मत बनले. 1930 मध्ये त्याला दृष्टांत झाला आणि शेजारीपाजारी त्याच्याभोवती जमू लागले. नेपल्सच्या राज्यातून यहुद्यांना 1541 मध्ये हाकलण्यात आले होते, त्यामुळे जगात आता यहुदी उरलेच नाहीत अशी त्याची समजूत असावी यात नवल नाही. ते रोममध्ये आजही राहतात, हे त्याला एका फेरीवाल्याकडून कळले.

रोमच्या रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राच्या आचार्यांनी, यहुदी धर्मात घेण्याची विनंती करणारी त्याची पत्रे प्रथम थट्टा समजून बाजूला ठेवली, आणि पुढेही ते सावधच राहिले. या सावधगिरीला निव्वळ आडमुठेपणा म्हणता येणार नाही. यहुदी परंपरेत इच्छुकाला आधी परावृत्त करण्याचा प्रघात आहे. त्यानंतर तिघांच्या धर्मसभेसमोर आज्ञांचा स्वीकार, पुरुषाची सुंता आणि विधिपूर्वक स्नान झाल्यावरच धर्मांतर पूर्ण होते. मात्र खरी अडचण याहून खोल होती. तालमुद या शास्त्रग्रंथातील एका प्रसिद्ध कथेनुसार आकाशवाणीनेही शास्त्रार्थ ठरत नाही, तो विद्वानांच्या बहुमताने ठरतो. मांदुत्सिओचा सारा अधिकार तर दृष्टांतावर उभा होता. दृष्टांताच्या बळावर तो नेमक्या अशा धर्माच्या दाराशी आला होता, जिथे दृष्टांताला मत नाही. दुसरीकडे मैमोनिदिस या बाराव्या शतकातील शास्त्रकाराने एका धर्मांतरिताला लिहिलेल्या पत्रात, प्रार्थनेत ‘आमच्या पूर्वजांचा देव’ म्हणण्याचा त्याचा हक्क मान्य केला होता, कारण अब्राहाम हा अशा सर्वांचा पिता ठरतो. म्हणजे रक्ताचा प्रश्न शास्त्राने केव्हाच निकालात काढला होता.

कोकणातील बेने इस्राएल या यहुदी समाजाची स्थिती याच्या अगदी उलट होती. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनिवार तेली’ ग्रंथाशिवाय आचार जपत आले, तरी इस्राएलमध्ये त्यांच्या वंशावळीवर शंका घेण्यात आली आणि 1964 मध्ये ती मागे घ्यावी लागली. एकाकडे स्मृती होती, दुसऱ्याकडे पोथी. तपासणी मात्र दोघांच्याही वाट्याला आली.

सान निकांद्रोच्या मंडळींची निष्ठा सर्वांत स्पष्ट दिसली ती 1938 नंतर, कारण फॅसिस्ट वंशकायद्यांनी यहुदी असणे धोक्याचे केले तरी त्यांनी आपली मागणी सोडली नाही. 1946 मध्ये त्यांचे धर्मांतर विधिवत झाले. 1948 मध्ये मांदुत्सिओ गावातच वारला, आणि त्याचे बहुतेक अनुयायी पुढच्या वर्षी त्याच्याविना इस्राएलला गेले.